पिलाटिसचे पेव आणि कण्याचा प्रश्न

केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ९ सप्टेंबर २०२५ रोजी एक पत्र काढले. फिजिओथेरपिस्टांनी आपल्या नावाआधी 'डॉक्टर' ही उपाधी लावू नये, असे त्यात बजावण्यात आले होते. अवघ्या एका दिवसात, या विषयावर अधिक विचारविनिमयाची गरज असल्याचे सांगून, ते पत्र मागे घेण्यात आले. या घडामोडीवरून वैद्यकीय संघटना आणि फिजिओथेरपिस्टांच्या संघटना यांच्यात जी जुंपली, तिचे पडसाद बराच काळ उमटत राहिले. ही उपाधी कोणी लावावी, हा त्या व्यावसायिकांच्या दृष्टीने प्रतिष्ठेचा प्रश्न असेलही. परंतु कंबरदुखीने बेजार झालेल्या माणसाचा प्रश्न त्याहून साधा आणि अधिक निकडीचा आहे. आपल्या कण्याला कोणता व्यायाम झेपेल हे सांगणारा माणूस नेमका काय शिकला आहे, हे त्याला कळायला हवे. उपाधीच्या वादात हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

या प्रश्नाला आज वेगळे महत्त्व येण्याचे कारण म्हणजे महानगरांत वाढत चाललेले पिलाटिसचे वेड. मुंबई आणि पुण्याच्या सधन वस्त्यांत पिलाटिसचे स्टुडिओ उभे राहिले आहेत. स्प्रिंगांच्या जोरावर मागे-पुढे सरकणाऱ्या 'रिफॉर्मर' नावाच्या यंत्रावर व्यायाम करणाऱ्या चित्रतारकांची छायाचित्रे घराघरांत पोहोचली आहेत. त्यापैकी अनेक ठिकाणी 'फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली' अशी ओळ ठळकपणे लिहिलेली असते. या व्यायामाने 'कोअर' मजबूत होते, पाठदुखी जाते आणि दुखापती टळतात, असे आश्वासन दिले जाते. त्यातील किती भाग शास्त्राने सिद्ध झालेला आहे, किती भाग व्यापाराचा आहे आणि 'मार्गदर्शनाखाली' या शब्दाला कायद्याचा आधार कितपत आहे, हे तपासून पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

या पद्धतीचा जनक जोसेफ पिलाटिस याचा जन्म १८८३ मध्ये जर्मनीतील म्योन्शनग्लाडबाख येथे झाला. मुष्टियुद्ध आणि जिम्नॅस्टिक्स यांत रमणारा हा माणूस पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये होता. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला आइल ऑफ मॅन बेटावरील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. तेथे खाटेच्या स्प्रिंगा वापरून त्याने आजारी कैद्यांना व्यायाम दिले आणि पुढच्या यंत्रांची कल्पना त्यातूनच सुचली, असे सांगितले जाते. १९२६ च्या सुमारास तो न्यूयॉर्कला गेला. तेथे नर्तक-नर्तिका दुखापतीतून सावरण्यासाठी त्याच्याकडे येऊ लागल्या. आपल्या पद्धतीला तो 'कंट्रोलॉजी' म्हणत असे. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकात चटईवर करावयाचे ३४ व्यायाम दिले आहेत. त्याच्यापाशी वैद्यकाची पदवी नव्हती. निरीक्षण आणि अनुभव हेच त्याचे भांडवल होते.

१९६७ मध्ये त्याचे निधन झाल्यानंतर त्याच्या शिष्यांनी ही परंपरा चालवली. पुढे या नावावरच मालकी सांगितली गेली आणि प्रकरण न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००० मध्ये मॅनहॅटन येथील संघीय न्यायालयाने 'पिलाटिस' हे व्यायामाच्या एका पद्धतीचे सामान्य नाम असल्याचा निर्वाळा दिला. योग किंवा कराटे या शब्दांवर जशी कोणा एकाची मालकी असू शकत नाही, तशीच ती या शब्दावरही असू शकत नाही, असा त्याचा अर्थ. या निकालाने पिलाटिसच्या प्रसाराची दारे उघडली. मात्र त्याचबरोबर हे नाव वापरण्यासाठी किमान पात्रता काय असावी, हे ठरवणारा कोणीही उरला नाही. वर्षभर शिकलेला शिक्षक आणि शनिवार-रविवारच्या शिबिरातून बाहेर पडलेला शिक्षक हे दोघेही तेच नाव लावू शकतात.

फिजिओथेरपीचा आणि पिलाटिसचा संबंध जुळला तो मुख्यत्वे नव्वदच्या दशकात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठातील पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. निरोगी माणूस हात झटकन वर उचलतो तेव्हा हात हलण्याच्या आधीच पोटाच्या सर्वांत आतल्या थरातील आडवा स्नायू आवळला जातो; कंबरदुखी असलेल्यांमध्ये मात्र तो उशिरा आवळला जातो, असे त्यांना आढळले. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, समोर पोटाचे आणि मागे मणक्यांलगतचे स्नायू अशा चौकटीला 'कोअर' म्हणण्याचा प्रघात त्यानंतर रूढ झाला. श्वास, नियंत्रण आणि धडाची स्थिरता यांवर भर देणारे पिलाटिस या कल्पनेशी सहज जुळणारे होते. मूळ व्यायामांचे सोपे टप्पे पाडून ते रुग्णांना देण्याची 'क्लिनिकल पिलाटिस' ही शाखा त्यातूनच विकसित झाली.

तथापि, या सिद्धान्तावर आक्षेपही घेतले गेले. एयाल लेडरमन या अभ्यासकाने २०१० मध्ये कोअर स्थिरतेच्या कल्पनेला मिथक ठरवणारा लेख लिहिला. स्नायू उशिरा आवळला जाणे हे दुखण्याचे कारण की परिणाम, हे स्पष्ट नाही आणि एखादाच स्नायू वेगळा काढून बळकट केल्याने पाठ बरी होते याला पुरेसा आधार नाही, असा त्याचा रोख होता. कोअर कमकुवत असल्यामुळेच पाठ दुखते, असे रुग्णाच्या मनावर बिंबवले तर तो वाकायला, उचलायला घाबरू लागतो आणि ही भीतीच दुखणे लांबवते. त्यामुळे पोट सदैव आवळून धरण्याचा जो सल्ला काही ठिकाणी सरसकट दिला जातो, तो उपकारक ठरेलच असे नाही.

मग पुरावा काय सांगतो? दीर्घकालीन कंबरदुखीवरील पिलाटिसच्या परिणामांचा कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये आढावा घेतला. त्यात १० चाचण्या आणि ५१० रुग्णांचा समावेश होता. काहीच न करण्यापेक्षा किंवा किरकोळ उपचारांपेक्षा पिलाटिसने वेदना आणि अडचण कमी होते. परंतु इतर व्यायामांपेक्षा ते सरस असल्याचा निर्णायक पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला. पुढे २०२१ मध्ये २१७ चाचण्या आणि सुमारे २१ हजार रुग्णांची माहिती एकत्र करणारे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात पिलाटिस, मॅकेन्झी पद्धत आणि कार्यक्षमता पूर्ववत करणारे व्यायाम यांचे फळ इतर प्रकारांपेक्षा काहीसे अधिक दिसले. म्हणजे पिलाटिस हे थोतांड नाही आणि चमत्कारही नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनेही २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत अमुकच एक पद्धत श्रेष्ठ न ठरवता, रुग्णाची गरज आणि आवड पाहून सामूहिक व्यायामाचा विचार करावा, असे म्हटले आहे. योगासनांची परंपरा असताना हा परदेशी प्रकार कशाला, या नेहमीच्या आक्षेपाचे उत्तरही त्यातच आहे. जो व्यायाम माणूस महिनोन्महिने नेटाने करील, तो त्याच्यासाठी योग्य.

हा पुरावा महत्त्वाचा ठरतो तो दुखण्याच्या व्याप्तीमुळे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता आणि २०५० पर्यंत हा आकडा ८४ कोटी ३० लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. डिसेंबर २०२३ मध्ये या संघटनेने दीर्घकालीन कंबरदुखीसाठी प्रथमच मार्गदर्शक सूचना जारी केल्या. व्यायाम, रुग्णशिक्षण आणि मानसोपचाराची जोड यांची शिफारस करतानाच कमरेचे पट्टे, ट्रॅक्शन आणि अफूजन्य वेदनाशामके यांचा नित्याचा वापर करू नये, असे त्यात सुचवले आहे. आपल्याकडील चित्र नेमके उलट दिसते. कंबर धरली की औषधांच्या दुकानातून पट्टा आणायचा, दहा दिवस शेक आणि ट्रॅक्शन घ्यायचे, दुखणे थांबले की सारे विसरायचे आणि पुन्हा धरली की तोच क्रम, ही बहुसंख्य रुग्णांची रीत. ज्या उपचाराला सर्वाधिक आधार आहे, तो व्यायाम कागदावर काढलेल्या चार आकृत्यांपुरता उरतो. पिलाटिसच्या लाटेने पट्ट्याची जागा व्यायामाला मिळवून दिली, तर ते स्वागतार्हच म्हणावे लागेल.

दुखापत टाळण्याचा दावा मात्र अधिक सावधपणे तपासायला हवा. पाठदुखी कमी होणे ही एक गोष्ट आणि निरोगी खेळाडूची भावी दुखापत टळणे ही दुसरी. या बाबतीत सर्वांत भक्कम पुरावा आहे तो फुटबॉलसाठी तयार झालेल्या 'फिफा इलेव्हन प्लस' या साध्या सरावाचा. नॉर्वेतील १३ ते १७ वर्षे वयाच्या सुमारे १९०० मुलींवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या सरावामुळे एकूण दुखापतींचे प्रमाण जवळपास एक तृतीयांशाने घटल्याचे दिसले. हा सराव वीस मिनिटांचा असतो. धावणे, प्लँक, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, तोल सांभाळणे आणि उडी मारून योग्य रीतीने उतरणे, एवढाच त्याचा ऐवज. त्याला ना यंत्र लागते ना वातानुकूलित दालन. कोअरचा व्यायाम त्यात आहे. पण तो एकटा नाही आणि त्याचे यश नियमितपणावर अवलंबून आहे. तुलनेने, केवळ पिलाटिसमुळे दुखापती घटतात असे ठामपणे सांगता येईल इतका पुरावा अद्याप जमलेला नाही.

वेगवान गोलंदाजांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. जसप्रीत बुमराहला पाठीच्या दुखापतीमुळे २०२२ च्या ट्वेंटी-२० विश्वचषकाला मुकावे लागले, मार्च २०२३ मध्ये त्याच्यावर न्यूझीलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयर्लंड दौऱ्यात तो परतला. उत्तमोत्तम प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट दिमतीला असलेल्या खेळाडूची ही कथा. गोलंदाजीत कण्याला वारंवार पिळा आणि ताण बसतो. षटकांचा भार एकदम वाढला, विश्रांती अपुरी पडली, तर मणक्याच्या हाडाला सूक्ष्म तडा जाऊ शकतो. बळकट स्नायूंनी हा धोका कमी होत असला, तरी भाराचे नियोजन आणि विश्रांती यांची जागा ते घेऊ शकत नाहीत. शालेय स्पर्धांत लागोपाठ सामने खेळणाऱ्या मुलांना केवळ पोटाचे व्यायाम देऊन भागणार नाही, हा त्यातून घ्यायचा धडा.

फिजिओथेरपिस्टची खरी गरज लागते ती व्यायाम शिकवताना नव्हे, तर कोणता व्यायाम कोणाला द्यायचा नाही हे ठरवताना. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये सिनाकी आणि मिकेलसन यांनी केलेला १९८४ चा अभ्यास आजही यासाठी उद्धृत केला जातो. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झालेल्या ५९ स्त्रिया त्यात होत्या. ज्यांनी पाठ मागे ताणण्याचे व्यायाम केले त्यांच्यापैकी १६ टक्के स्त्रियांमध्ये मणक्याचे नवे अस्थिभंग आढळले. ज्यांनी पुढे वाकण्याचे व्यायाम केले त्यांच्यात हे प्रमाण ८९ टक्के होते. अभ्यास छोटा होता आणि त्याला मर्यादा आहेत. पण त्याने दिलेला इशारा दुर्लक्षिण्याजोगा नाही. कारण पिलाटिसच्या मूळ ३४ व्यायामांत पाठ गोलाकार करून पुढे वाकण्याचे, लोळण घेण्याचे प्रकार मोठ्या संख्येने आहेत. साठीच्या बाईंना आणि पंचविशीच्या नर्तिकेला एकाच वर्गात एकाच आज्ञेवर ते करायला लावणे धोक्याचे आहे. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू मधोमध विलग झालेली स्त्री, गादी सरकल्यामुळे पायात कळ येणारा तरुण, गुडघा किंवा खुबा बदललेले गृहस्थ, या प्रत्येकासाठी निवड वेगळी असते.

म्हणूनच 'फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाखाली' या शब्दांचा अर्थ दारावर एका पदवीधराचे नाव असणे एवढाच असू शकत नाही. आधी पूर्वेतिहास घेणे, सांध्यांच्या हालचाली, स्नायूंची ताकद आणि मज्जासंस्थेची तपासणी करणे, त्यावरून व्यायाम निवडणे, काही आठवड्यांनी पुन्हा मोजमाप करणे आणि अखेर रुग्णाला घरी स्वतः व्यायाम करण्याइतके तयार करून मोकळे करणे, एवढे टप्पे त्यात येतात. पायात वाढत जाणारी बधिरता किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, ताप, अकारण वजन घटणे अशी लक्षणे दिसली, तर व्यायाम थांबवून रुग्णाला विनाविलंब डॉक्टरकडे पाठवणे हेही त्याचेच कर्तव्य. पंधरा-वीस जणांच्या वर्गात ध्वनिक्षेपकावरून सूचना देत हे काम होणे शक्य नाही.

ऑस्ट्रेलियाने या भेदाला धोरणाची चौकट दिली. १ एप्रिल २०१९ पासून खासगी आरोग्य विम्याच्या सरकारी सवलतीतून १६ उपचारपद्धती वगळण्यात आल्या आणि त्यात पिलाटिसचाही समावेश होता. परंतु फिजिओथेरपिस्टने तपासणी करून आखलेल्या उपचाराचा भाग म्हणून ते व्यायाम दिले, तर ती फिजिओथेरपी मानली गेली. सर्वसाधारण पिलाटिसचा वर्ग मात्र सवलतीबाहेर राहिला. पुढे या यादीचा फेरविचारही हाती घेण्यात आला. निर्णय बरोबर की चूक यापेक्षा, पैसा नेमका कशासाठी खर्च होतो आहे असा प्रश्न तेथील शासनाने विचारला, ही बाब लक्षणीय आहे.

भारतात असा प्रश्न विचारण्याची व्यवस्था उभारण्यालाच फार उशीर झाला. महाराष्ट्राने व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेसाठी २००२ चा कायदा केला आणि नोंदणीची सोय केली. अनेक राज्यांत तेवढेही नव्हते. संसदेने २०२१ मध्ये राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा संमत केला आणि फिजिओथेरपीसह अनेक व्यवसायांना देशपातळीवर प्रथमच वैधानिक चौकट मिळाली. मात्र राज्यांच्या परिषदा स्थापण्यात इतकी दिरंगाई झाली, की १२ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला केंद्र आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. २०२५ मध्ये फिजिओथेरपीचा नवा अभ्यासक्रम जाहीर झाला आणि त्यातील उपाधीच्या उल्लेखावरून सप्टेंबरमधील वाद पेटला.

या कायद्याने फिजिओथेरपिस्ट कोण हे ठरते. पिलाटिस कोण शिकवू शकतो हे ठरत नाही. प्रशिक्षकाने व्यायाम शिकवण्यास हरकत असण्याचे कारणही नाही. निरोगी माणसाने चांगल्या प्रशिक्षकाकडे जाऊन व्यायाम केला तर त्यात गैर काही नाही. हरकत आहे ती व्यायामाच्या वर्गाला उपचाराचे नाव देऊन आजारी माणसाला त्यात ओढण्याला. उलट बाजूने, फिजिओथेरपीची पदवी मिळाली म्हणजे पिलाटिसही आपोआप आले, असे नाही. जाहिरातीत 'क्लिनिकल', 'उपचारात्मक' असे शब्द वापरणाऱ्या केंद्राने तपासणी करणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा नोंदणी क्रमांक दर्शनी भागात लावावा, एवढी सक्ती परिषदेच्या पातळीवर झाली, तरी बराच गोंधळ कमी होईल.

राहतो तो ऐपतीचा प्रश्न, आणि तोच सर्वांत कठीण आहे. यंत्रावरील वर्गासाठी महिन्याला काही हजार रुपये मोजणे मूठभरांनाच परवडते. आपल्याकडील आरोग्य विमा प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेला आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा भरही दाखल रुग्णांच्या उपचारांवर आहे. परिणामी, शस्त्रक्रियेचा खर्च मिळू शकतो. पण ती टाळू शकणाऱ्या तीन महिन्यांच्या व्यायामाचा खर्च मिळत नाही. कंबरदुखी ही काही केवळ संगणकापुढे बसणाऱ्यांची मक्तेदारी नव्हे. ऊसतोडणी कामगार, एसटीचे चालक, हमाल, वाकून भातलावणी करणाऱ्या स्त्रिया यांचे कणे अधिक झिजतात आणि त्यांच्यासाठी या व्यायामाचे दार बंदच आहे.

वास्तविक, पिलाटिसचा चटईवरचा भाग अल्प खर्चात देता येण्याजोगा आहे. भारतातील फिजिओथेरपीच्या शिक्षणाचा आरंभ १९५० च्या दशकात मुंबईच्या केईएम रुग्णालयात, म्हणजे एका पालिका रुग्णालयात झाला. ती परंपरा असलेल्या राज्यात जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालये यांच्या फिजिओथेरपी विभागांत आठ-दहा रुग्णांचे, तपासणीनंतर गट पाडून चालवलेले व्यायामवर्ग सुरू करणे अशक्य नाही. त्यासाठी पदे भरावी लागतील, एक मोकळी खोली द्यावी लागेल आणि शेक-ट्रॅक्शनच्या यंत्रांवरील खर्चाचा फेरविचार करावा लागेल. शाळांच्या क्रीडाशिक्षकांना वीस मिनिटांचा दुखापत प्रतिबंधक सराव शिकवणे तर याहून सोपे आहे.

तोवर निदान रुग्णाने काही प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. शिकवणाऱ्याची नोंदणी आहे काय, पहिल्या दिवशी तपासणी होणार काय, वर्गात किती जण असतील, किती दिवसांत घरी व्यायाम करता येईल आणि आपल्या दुखण्यात कोणते व्यायाम वर्ज्य आहेत, हे ते प्रश्न. ज्या केंद्रात त्यांची सरळ उत्तरे मिळतील, तेथे यंत्र असो वा साधी चटई, कणा सुरक्षित हातांत आहे असे समजायला हरकत नाही. नावाआधीच्या उपाधीचा निकाल आज ना उद्या लागेल. परंतु या उत्तरांची जबाबदारी शासन, परिषदा आणि व्यावसायिक संघटना यांनी एकमेकांवर ढकलणे थांबवले नाही, तर त्या निकालाने रुग्णाच्या पदरात काहीही पडणार नाही.